सात वाजता बोलणारा मास्तर

बीरगांव, रायपूर
रविवार, दुपारची भांडी झाल्यावर

आदरणीय आईंना,

चेतनाचा नम्र जय भीम. इकडे आम्ही तिघं ठीक आहोत, मास्तर धरून चौघं, आणि (ते पुढे सांगते) सध्या सहा. तुमचा डोळा आता स्वच्छ झाला असेल. यशदीप भाऊजी म्हणत होते, नवा चष्मा लावून तुम्ही पेपर शेवटच्या पानापर्यंत वाचता आणि वर सगळ्यांना वाचून दाखवता. म्हणूनच हे पत्र लिहायची हिंमत केली. अक्षर मुद्दाम मोठं काढलं आहे. हे पत्र भाऊजींकडून वाचून घेऊ नका, जाऊबाईंच्या हाती लागू देऊ नका. दोघं ऑफिसला गेल्यावर खिडकीजवळ बसून एकट्यानं वाचा. (खुर्चीत बसा, पलंगावर नको. पलंगावर तुमचे पाय लोंबतात आणि मग घोट्याला सूज येते.)

तुम्हाला नवल वाटेल की रोज संध्याकाळी सात वाजता फोन होतो, मग ही पोस्टानं काय सांगून राहिली. तर आई, आपल्या घरी फोन नेहमी स्पीकरवर असतो, आणि फोनजवळ कोण कोण बसलेलं असतं ते फोनवर सांगता येत नाही. शिवाय काल तुम्ही म्हणालात, पुढच्या रविवारी यशदीपला पाठवते, मास्तरला नागपूरला घेऊन येईल, तो इतका बोलते की मले त्याच्याबिगर करमत नाही. त्यानंतर आमच्याकडे जी शांतता पसरली ती तुम्हाला नेटवर्क गेल्यासारखी वाटली, तुम्ही दोनदा हॅलो म्हणालात. नेटवर्क गेलं नव्हतं. मला एक कबुली द्यायची आहे. मास्तर बोलत नाही.

तुम्ही नागपूरला गेलात त्या मंगळवारपासून, म्हणजे बुद्ध पौर्णिमा झाल्यावर, त्यानं एक शब्द काढलेला नाही. जय भीम नाही, शीळ नाही, कुकरची शिट्टी नाही. अकरा वर्षांपूर्वी मामाजींनी कारखान्याच्या गेटबाहेर वादळात पडलेलं ते पोपटाचं पिल्लू शर्टात घालून आणलं, तेव्हापासून इतका गप्प तो कधीच नव्हता. मामाजी गेले त्याला सहा वर्षं झाली, तरी त्यांची तुम्हाला मारायची ती संध्याकाळची हाक, 'शेवंता! चाय मांड!', मास्तरनं जशीच्या तशी सांभाळून ठेवली होती. तुम्ही गेलात आणि तीही बंद झाली. मग रोज सात वाजता तुम्हाला नावानं हाक कोण मारतं, हे सांगण्याआधी मला थोडं मागे जावं लागेल. तुम्हाला ठाऊक असलेलंच सांगते, पण माझ्या बाजूनं.

खटका उडाला त्या दिवशी मास्तरनं तुमच्या मोठ्या चिरंजीवांच्या खात्याच्या परीक्षेचं प्रवेशपत्र कुरतडलं. नुसतं कुरतडलं नाही, चारही बाजूंनी अशी सुरेख झालर काढली की दीक्षा म्हणाली, मम्मी, इसको फ्रेम करा लो. हे रेल्वेच्या वर्कशॉपातून दमून आलेले. हातात तो कागद धरून म्हणाले, 'माय, या घरात तुले पोपट पाहिजे का पोरगा, एकदाचं सांगून टाक.' तुम्ही तांदूळ निवडत होतात. वर न पाहता म्हणालात, 'पोपट निदान बोलते तरी माह्यासंग.' बस, एवढंच झालं. आवाज चढला नाही, ताट आपटलं नाही. पुढच्याच आठवड्यात तुम्ही मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी पंधरा दिवस म्हणून नागपूरला गेलात, त्याला आता पाच महिने होत आले. स्टेशनवर तुम्ही मला मास्तरच्या मिरच्यांचं सांगितलंत, दीक्षाला केस बांधायचं सांगितलंत, आणि ह्यांनी तुमची पिशवी बर्थखाली नीट सरकवली तेव्हा दोघंही खिडकीबाहेर पाहत होतात. (परीक्षेचं दुसरं प्रवेशपत्र मिळालं, परीक्षा दिली, नापास झाले. तेव्हा मास्तरचंही तसं काही चुकलं नव्हतं.)

आई, ह्यांच्या न बोलण्याबद्दल मी तुम्हाला काय सांगणार? तुम्ही त्यांना जन्म दिला आहे. मी फक्त एकोणीस वर्षं ऐकते आहे, म्हणजे ऐकायची वाट पाहते आहे. लग्नानंतर पहिल्या महिन्यात मला वाटलं, माणूस रागावला आहे. मग वाटलं, विचार करतो आहे. आता कळतं की त्यांच्या आत सगळं बोलणं असतं, फक्त बाहेर यायचं दार आतून अडकलेलं असतं, आणि ते स्वतः फिटर असूनही ते दार त्यांना उघडता येत नाही.

तर ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी तुमचा फोन आला. तुम्ही माझी चौकशी केलीत, दीक्षाची केलीत, नळाला पाणी किती वेळ येतं ते विचारलंत, आणि म्हणालात, 'मास्तरले दे फोन.' मी फोन पिंजऱ्याजवळ नेला. मास्तरनं आमच्याकडे पाठ केली. तुम्ही 'मास्तर, ओ मास्तर' करून राहिलात आणि तो भिंतीकडे पाहून राहिला. दीक्षानं मिरची दाखवली. मी शीळ घातली (मला येत नाही, नुसती हवा जाते). मग तुमचा आवाज एकदम लहान झाला. 'काहून बोलून नाही राहिला? मले विसरला का?' आणि तुम्ही नाक ओढलंत. दुसऱ्या दिवशी डोळ्याचं ऑपरेशन, आणि तुम्ही रडायला लागलात तर काय करायचं? आणि तेवढ्यात कूलरच्या मागून आवाज आला, 'शेवंता! चाय मांड!'

मी मास्तरकडे पाहिलं. मास्तरनंही, त्या संध्याकाळी पहिल्यांदाच, मान वळवून कूलरकडे पाहिलं. कूलरमागे खुर्ची होती, खुर्चीवर पेपर होता, आणि पेपरामागे तुमचे चिरंजीव. ज्याच्या हाताखालून मालगाडीचे वाकडे डबे सरळ होऊन निघतात अशा सत्तेचाळीस वर्षांच्या माणसानं आपल्या सख्ख्या आईला नावानं हाक मारून चहा टाकायला सांगितलं होतं. आणि तुम्ही हसलात, आई. पलीकडे इतक्या मोठ्यानं हसलात की यशदीप भाऊजी काय झालं म्हणून धावत आले. मी फोन ठेवला. हे पेपराची घडी करत मला म्हणाले, 'आजच्या दिवसापुरतं.' नंतर जेवताना दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

पण दुसऱ्या दिवशी पट्टी बांधलेली असताना तुम्ही पुन्हा फोन केलात, आणि तिसऱ्या दिवशीही. मग ते रोजचंच झालं. हे पावणेसातला घरी हजर. वर्कशॉपातले लोक विचारतात म्हणे, धर्मपाल, हल्ली कुठे पळतोस? आल्याबरोबर कोमट पाण्यात ज्येष्ठमध, मग स्टीलचा ग्लास तोंडासमोर धरून सराव. (ग्लासमुळे पिंजऱ्यातून आल्यासारखा आवाज येतो, हा शोध दीक्षाचा.) सराव मास्तरच्याच समोर उभं राहून करायचा, जणू त्याची परवानगी घेऊन राहिले. दीक्षा पलंगावर मांडी घालून बसते आणि दिग्दर्शन करते, 'पापा, थोड़ा और तोते जैसा.' पोट्टीला मराठी सगळं समजतं, उत्तर तेवढं हिंदीत देते. तुम्ही होतात तेव्हा निदान 'हव आजी' तरी म्हणायची. आणि तिचा बाप, जो तिच्या शाळेत पालकांच्या सभेलाही तीन शब्द बोलत नाही, तो मुकाट्यानं पुन्हा ग्लास तोंडाला लावतो आणि थोडा अधिक पोपटासारखा होतो.

शेजारच्या पिंकी दीदीचं ऐका. मागच्या महिन्यात तीजाचा उपास झाल्यावर ती ताटलीत ठेठरी-खुरमीचा फराळ झाकून घेऊन आली, बसली, पाणी प्याली, इकडची तिकडची विचारपूस केली, आणि मग माझा हात हातात घेऊन म्हणाली, 'भाभी, बुरा मत मानना. ये शेवंता कौन है?' मग तीच म्हणाली, 'भैया रोज सात बजे उसको पुकारते हैं. चाय माँगते हैं. आप सामने बैठी रहती हो और कुछ नहीं बोलती.' आता मी तिला काय सांगू? शेवंता माझी सासू आहे, आणि माझा नवरा तिचा पोपट आहे? मी म्हटलं, पुरानी जान-पहचान है. तेव्हापासून ती मला बघितलं की डोळ्यांत पाणी आणते आणि वाटीभर भाजी आणून देते. ह्यांच्याशी बोलणं तिनं बंद केलं आहे, पण ते ह्यांच्या अजून लक्षात आलेलं नाही.

मास्तरची मात्र मला खरी काळजी लागली होती. बोलत नव्हता ते ठीक, पण जुलैत त्यानं छातीवरची पिसं उपटायला सुरुवात केली. गळ्याभोवतीचा गुलाबी पट्टा मफलरसारखा तसाच, खाली मात्र उघडी कातडी. तो माणूस असता तर मी शाल दिली असती. शेवटी ह्यांनी रजा टाकली (दीक्षाच्या जन्मानंतरची ही दुसरी रजा) आणि आम्ही त्याला तेलीबांध्याला पक्ष्यांच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर भार्गव वयानं लहान, पण कडक. आधी त्यांनी कायदा सांगितला, की रानपोपट असा घरी पाळता येत नाही. मग मास्तरचा तो वाकडा जुळलेला पंख हळूच उघडून पाहिला, हा बाहेर सोडला तर एक दिवस जगणार नाही म्हणाले, आणि वनविभागाला रीतसर कळवून ठेवायला सांगितलं. तो अर्ज ह्यांनी स्वतःच्या हातानं लिहून नेऊन दिला. उत्तर यायचं आहे. खाण्याचं विचारलं तेव्हा मी मोठ्या अभिमानानं सांगितलं, भिजवलेली डाळ, मिरची, पेरू, आणि सकाळ-संध्याकाळ चहात बुडवलेलं बिस्किट. बिस्किटाला डॉक्टरांनी डोळे मिटून घेतले. आई, चहा-बिस्किट त्याला विषासारखं आहे म्हणे. (तुम्ही मनाला लावून घेऊ नका. अकरा वर्षं त्यानं मागून मागून खाल्लं आहे.) आणि तो गुळगुळीत लोखंडी दांडा, ज्यावर तो बसतो, त्यानं त्याचे तळवे सोलवटले होते. आपण कोणी कधी ते तळवे पाहिलेच नव्हते.

शेवटी ते म्हणाले, 'बीमार नहीं है. नाराज़ है. इससे बात कौन करता है?' मी ह्यांच्याकडे पाहिलं. ह्यांनी घसा साफ केला आणि म्हणाले, 'मैं करता हूँ. फोन पर.' डॉक्टरांनी चिठ्ठीवर काय लिहिलं ते मला वाचता आलं नाही, पण बराच वेळ लिहीत होते.

त्यानंतर आपल्या घरात जे सुरू झालं त्याला मी पक्षी पाळणं म्हणणार नाही. त्याला वर्कशॉप म्हणतात. पुढच्या व्हरांड्याची जाळी आतून वाढवून ह्यांनी भिंतीएवढा पिंजरा केला. त्यात पेरूच्या, कडुनिंबाच्या फांद्या, जाड-बारीक, म्हणजे पंजाला व्यायाम होतो. आंघोळीला परात. खाली ट्रे, तो रुळावरून सरकल्यासारखा बाहेर येतो. दुरुस्त झालेल्या डब्यावर पांढऱ्या रंगानं तारीख लिहितात ना, तशी पिंजऱ्याच्या दारावर लिहिली आहे: नखं कापल्याची, फांद्या बदलल्याची, पुढची तपासणी कधी त्याची. मास्तर पहिले आठ दिवस एका कोपऱ्यात बसून होता, बदली झालेल्या कारकुनासारखा. मग एक दिवस लंगडत लंगडत वरच्या फांदीवर चढला. ह्यांनी मला हाक मारून दाखवलं. हाक मारून, आई! एकोणीस वर्षांत हे मला 'अवो, पाह्य ना' असं कधी म्हणाले असतील तर तुमच्या पायाची शपथ.

मग डॉक्टरांनी सोबत हवी म्हटलं म्हणून हे बाजारातून लव्हबर्डची जोडी घेऊन आले, एक निळा, एक पिवळा. त्यांच्यासाठी वेगळा पिंजरा, मास्तरच्या शेजारी. म्हणजे ज्या माणसाला घरात एक पोपट जड झाला होता त्यानं आता तीन केले. ही दोघं दिवसभर चिवचिव करतात, आणि मास्तर त्यांच्याकडे असं पाहतो जसे मामाजी टीव्हीवरच्या चर्चांकडे पाहायचे. नावं तुमच्यासाठी ठेवली आहेत. तुम्ही सुचवाल ती ठेवू.

रोज सकाळी सहाला ट्रे हेच घासतात. मला हात लावू देत नाहीत. व्हरांड्याचं दार लोटून घेतात, आतून ब्रशचा आवाज येतो आणि मधूनमधून पुटपुटल्यासारखं काही. मी चहा घेऊन गेले की दोन्ही आवाज बंद. पाना सापडत नसेल म्हणून पुटपुटत असतील, असं समजून मी सोडून देते.

व्हिडिओ कॉलचा दिवस मी विसरणार नाही. यशदीप भाऊजींनी तुम्हाला मोठा फोन हातात दिला आणि तुम्ही म्हणालात, 'मास्तरचं तोंड दाखव, बोलताना पायते.' आमच्याकडे पाच मिनिटं होती. फोन दीक्षाच्या हातात, समोर फांदीवर मास्तर, आणि पिंजऱ्यामागे, परातीशेजारी, गुडघे दुमडून, ग्लास तोंडाला लावून तुमचे चिरंजीव. मास्तरला तुम्ही दिसलात. त्यानं मान वाकडी केली, मान सरळ केली, आणि नेमकं तेव्हाच पेरूची फोड तोंडात घेतली. आणि त्या भरल्या तोंडानं तो म्हणाला, 'जय भीम, शेवंता, थेंब टाकले का डोळ्यात?' तुम्ही म्हणालात, 'अगं, याचं तोंड खाऊन राहिलं आणि आवाज बोलून राहिला.' मी म्हटलं, नेटवर्क. तुम्ही म्हणालात, हो, इथंही टीव्हीचं असंच होते. मग मास्तर वळला, जाळीपर्यंत चालत गेला, आणि मागे जाळीला टेकलेला ह्यांचा कान त्यानं धरला. तुम्ही जी किंकाळी ऐकलीत आणि 'पोपट इतकी मोठी वरडते का वं' असं विचारलंत, ती किंकाळी पोपटाची नव्हती. कान आता बरा आहे.

तुम्ही म्हणाल, चेतना, तू शिकलेली बाई, तू हे कसं चालू दिलंस? मी स्वतःला बरेचदा विचारलं. पहिल्या दिवशी तुमच्या डोळ्यासाठी. दुसऱ्या आठवड्यात सवयीनं. पण मग मास्तरला नवे शब्द येऊ लागले. त्याला तर चारच वाक्यं यायची. आता तो गोळीचं विचारू लागला. जिना उतरताना कठडा धरत जाय, म्हणू लागला. गुडघ्याला तेल कोण लावून देते, म्हणू लागला. तुम्ही मला विचारलंत, याले हे कसं समजते, आणि मी म्हटलं, घरात आम्ही बोलतो ते ऐकतो. ते खोटं होतं, आई. घरात असं कोणी बोलत नव्हतं. मी किचनच्या दारात उभी राहून ऐकायची. पन्नाशीकडे चाललेला एक माणूस स्टीलच्या ग्लासात तोंड घालून आपल्या आईला विचारून राहिला की जेवलीस का, आणि आवाज चुकू नये म्हणून डोळे मिटून घेतलेले. मला हसू यायचं. रोज यायचं. आणि हसता हसता मला भाजी परतायला आत जावं लागायचं, कारण भाजी करपायची असं नाही, पण आत जावं लागायचं.

आणि गेल्या महिन्यातलं ते. तुम्ही मास्तरला सांगत होतात की दिवसभर घरात कोणी नसते, खिडकीतून चौकीदार दिसते, तोही मोबाइल पाहते. मग म्हणालात, 'मास्तर, धर्मपालवर मी रागावली नाही रे. तो लहानपणापासून तसाच. पोटातलं पोटात. म्याच त्याले टोचून बोलली.' फोन स्पीकरवर होता. दीक्षानं माझ्याकडे पाहिलं. ह्यांच्या हातातला ग्लास तसाच. तुम्ही वाट पाहत होतात. आता यावर पोपटानं काय बोलावं? मग फाटलेल्या आवाजात मास्तर म्हणाला, 'चाय मांड.' तुम्ही म्हणालात, 'मांडते, बाबू.' मास्तरला तुम्ही बाबू कधी म्हणत नव्हतात. पण असू दे. तेव्हा मी त्यावर जास्त विचार केला नाही, आताही करत नाही.

तर परिस्थिती अशी आहे. पुढच्या रविवारी यशदीप भाऊजी मास्तरला घेऊन गेले, तर तिकडे एक मुका पोपट येईल, छातीवर नुकती कोवळी पिसं आलेला, ज्याचं पुन्हा घर बदललं तर तो ती परत उपटेल असं डॉक्टर म्हणतात. आणि इकडे सात वाजतील, फोन वाजणार नाही, आणि एका माणसाच्या हातात नुसता ग्लास राहील. काल तुमचा फोन झाल्यापासून हे बोललेले नाहीत. ग्लाससुद्धा धुऊन फळीवर ठेवून दिला. म्हणून विनंती, मास्तरला नेऊ नका. सगळं खरं सांगितलं आहे, त्याबद्दल मला आणि ह्यांना जे बोलायचं ते बोला, आम्ही ऐकून घेऊ. जाऊबाईंना माझी आठवण सांगा. डोळ्यात धूळ जाऊ देऊ नका.

तुमची सून,
चेतना

ता. क. वर लिहिलं की ह्यांना जे बोलायचं ते बोला. ते खोडायचं होतं, पण खाडाखोड तुम्हाला आवडत नाही. आई, काही बोलू नका. हे पत्र मिळालंच नाही असं करा. तुम्हाला कळलं हे त्यांना कळलं तर ते परत कधी तोंड उघडणार नाहीत, ना पोपट म्हणून ना पोरगा म्हणून. रोजच्यासारखा सातला फोन करा आणि म्हणा, मास्तरले दे. बस, एवढ्यासाठीच हे सात पानांचं पत्र.

ता. क. दोन. पाकीट बंद करण्याआधी ह्यांचा शर्ट भिजवायला घेतला. खिशात दसऱ्याची, दीक्षाभूमीला यायची तिकिटं निघाली, ह्यांच्या रेल्वे पासावर काढलेली. जातानाची तीन आहेत. येतानाची चार. चौथ्या नावापुढे खालचा बर्थ मागितला आहे. मला यातलं काही सांगितलेलं नाही. तिकिटं मी परत खिशात ठेवली आणि शर्ट भिजवला नाही. मळकाच घालतील.

ता. क. तीन. आज सोमवार. पत्र काल पोस्टात पडायचं राहिलं, ते बरंच झालं. आज सकाळी मास्तर बोलला.

सहाला हे नेहमीप्रमाणे दार लोटून ट्रे घासत होते. मी पिठाचे हात घेऊन बाहेर उभी. आतून आधी दीक्षाचा आवाज आला, 'पापा, थोड़ा और तोते जैसा!' दीक्षा तर झोपलेली. मी दार ढकललं. हे ब्रश हातात धरून बसलेले, आणि वरच्या फांदीवर मास्तर, छाती फुगवून, मान हलवत. आम्ही दोघं इतके हसलो की लव्हबर्ड घाबरले. मग ह्यांच्याकडे एका डोळ्यानं पाहत तो ह्यांच्याच आवाजात, अगदी हळू, ट्रे घासताना पुटपुटल्यासारखं म्हणाला, 'ये ना वं माय घरी.'

हे वाक्य फोनवर ह्यांनी एकदाही म्हटलेलं नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. पोपटाला एखादं वाक्य यायला ते किती वेळा ऐकावं लागतं, हे तर तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. हे उठले, ट्रे बसवला, नळाखाली हात धुतले, बराच वेळ धुतले, आणि मला म्हणाले, 'फोनवर सांगू नको.'

म्हणून पत्रात सांगितलं. आणि ते ऐकवायला मी फोन पिंजऱ्याजवळ नेणार नाही. मास्तर ते सकाळी सहाला, ट्रे घासला जात असताना म्हणतो. तेव्हा तुम्हाला इथंच असावं लागेल.